पेल्यावरचा रानबोकड खरंच उडी मारतो का?

(या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना गाडीच्या आवाजात काही निसटलं असेल, तर इथे सावकाश वाचा.)



आज सुरुवातीलाच एक कबुली द्यायची आहे. काही भागांपूर्वी बोलता बोलता मी एक वाक्य टाकून दिलं होतं, "जगातलं पहिलं अ‍ॅनिमेशन पाच हजार वर्षांपूर्वी इराणमध्ये एका मातीच्या पेल्यावर झालं." वाक्य भारी होतं. त्याचा तुकडा कापून आम्ही रील केली आणि ती बरीच फिरली.

मग एक मेल आला. सातारा जिल्ह्यातल्या, नववीत शिकणाऱ्या एका मुलीचा. तिनं शाळेत इतिहासाच्या तासाला माझं हे वाक्य प्रोजेक्टमध्ये लिहिलं, वर्गासमोर वाचून दाखवलं. बाईंनी विचारलं, "हे कशावरून?" ती म्हणाली, "पॉडकास्टमध्ये ऐकलं." वर्ग हसला. बाई रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "बरं, मग त्यांना विचार की त्यांना कुणी सांगितलं." मेलच्या शेवटी तिनं लिहिलं होतं, "दादा, बाईंना काय सांगू?"

खरं सांगतो, आठ दिवस मी त्या मेलला उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. मलाही ते एका रीलनंच सांगितलं होतं! एक तपकिरी पेला, त्यावरचा बोकड टुणकन उडी मारतो, झाडाची पानं खातो, पुन्हा उडी मारतो. मी बघितलं, मला आवडलं, मी पुढे सांगून टाकलं.

तर आजचा भाग म्हणजे त्या मेलचं उत्तर आहे. भांड्यांवरची चित्रं हलवायची म्हणजे नक्की काय करायचं, आणि ती हलवली की इतिहासाचं काय होतं, हे बघू.

जळालेलं शहर

आधी पेला कुठला ते पाहू. इराणच्या आग्नेय टोकाला, अफगाणिस्तानच्या सीमेजवळ सिस्तान नावाचा प्रदेश आहे. हेल्मंद नदी तिथे येऊन हामून नावाच्या उथळ सरोवरांमध्ये पसरते. झाबोल हे तिथलं आजचं गाव. झाबोलहून जाहेदानकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक प्रचंड टेकाड आहे. त्याचं नाव शहर-ए-सुख्ते, म्हणजे जळालेलं शहर.

हे शहर वसलं इसवीसनपूर्व ३२०० च्या सुमारास आणि इसवीसनपूर्व १८०० पर्यंत नांदलं. म्हणजे आपल्याकडे हडप्पा आणि मोहेंजोदडो भरात होती तेव्हा हेही शहर गजबजलेलं होतं. बदख्शानच्या खाणीतला निळा लाजवर्द दगड इथे येत होता, इथल्या कारागिरांच्या हातून त्याचे मणी घडत होते. सिंधू खोऱ्याशीही या शहराचा व्यवहार होता. जमीन इतकी कोरडी आणि खारवट की लाकूड, कापड, दोऱ्या अशा एरवी कुजून जाणाऱ्या वस्तूसुद्धा टिकल्या. लाकडी पटावरचा एक खेळ सोंगट्या-फाशांसकट सापडला. २००६ साली एका बाईच्या सांगाड्यात, डोळ्याच्या खोबणीत, चक्क कृत्रिम डोळा मिळाला. २०१४ मध्ये युनेस्कोनं या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

इथे १९६७ पासून मौरिझिओ तोसी यांच्या नेतृत्वाखाली इटालियन पथकानं उत्खनन केलं. त्यांना एका थडग्यात हा पेला मिळाला. उंची साधारण १० सेंटिमीटर, म्हणजे आपल्या पाणी प्यायच्या फुलपात्रापेक्षा फार मोठा नाही. फिक्या मातीवर गडद तपकिरी रंगाची चित्रं. चाकावर घडवलेला. आज तो तेहरानमध्ये आहे, इराणच्या राष्ट्रीय संग्रहालयात.

त्या काळात बोकड आणि झाड हे चित्र या भागातल्या भांड्यांवर नवलाईचं नव्हतं. लांब, मागे वळलेल्या शिंगांचा रानबोकड शेकडो खापरांवर दिसतो. म्हणून असेल, पण सुरुवातीला या पेल्याकडे कुणी वेगळ्या नजरेनं पाहिलं नाही. पुढे याच जागी १९९७ पासून इराणी पथकाचं काम सुरू झालं. त्याचे प्रमुख होते मन्सूर सज्जादी. पेल्यावरच्या पाच चित्रांत एक क्रम आहे, हे त्यांनी दाखवून दिलं.

तो क्रम असा. पेल्याभोवती पाच बोकड आणि पाच झाडं आहेत. नेहमीच्या नक्षीत काय होतं? एकच बोकड छापल्यासारखा पुन्हा पुन्हा येतो. इथे मात्र प्रत्येक बोकडाची ठेवण वेगळी आहे. कुठे तो झाडाशी उभा, कुठे अंग उचललेलं, कुठे हवेत, तोंड पानांपर्यंत पोचलेलं. पाचही चित्रं ओळीनं पाहिली की वाटतं, हे पाच बोकड नाहीत, हा एकच बोकड आहे आणि आपण त्याला पाच वेळा पाहतोय.

इराणच्या सांस्कृतिक वारसा खात्यानं यावर एक छोटा माहितीपट केला. चित्रं एकामागून एक ठेवून हलवून दाखवली. तीच हलती चित्रं मग जगभर फिरली आणि फिरत फिरत माझ्या फोनवर आली. त्यासोबत मथळा चिकटलेला होताच. जगातलं पहिलं अ‍ॅनिमेशन!

एक गंमत सांगतो. सुरुवातीला काहींनी या झाडाला "अ‍ॅसिरियन जीवनवृक्ष" असं नाव दिलं होतं. मग लक्षात आलं की पेला अ‍ॅसिरियन संस्कृतीच्या कितीतरी आधीचा आहे. म्हणजे चित्र हलण्याआधीच त्याच्यावर परकी गोष्ट बसली होती. ही भानगड ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

कुंभारवाड्यातला प्रयोग

मला वाटलं, वाचण्यापेक्षा करून बघू. पुण्यातल्या कुंभारवाड्यात ओळखीचे एक काका आहेत. त्यांच्याकडे पायाखाली पेडल असलेलं, मोटरवर चालणारं चाक आहे. मी त्यांना रील दाखवली. त्यांनी शांतपणे पाहिली आणि विचारलं, "पेला फिरवला म्हणून बोकड हलला, असं म्हणणं आहे का तुझं?"

मी म्हटलं, "हो, असंच असणार ना?"

"मग ये बस."

त्यांनी एक छोटा कुल्हड घडवला, थोडा सुकू दिला, आणि मी त्यावर गेरूनं पाच बोकड काढले. माझे बोकड कुत्र्यासारखे दिसत होते, पण असो. काकांनी कुल्हड चाकाच्या मधोमध बसवला, पेडल दाबलं. काय दिसलं असेल?

काहीच नाही. म्हणजे एक तांबूस पट्टा दिसला, धूसर. बोकड नाही, झाड नाही, काही नाही.

काका हसले. म्हणाले, "बाळा, हे आम्हाला रोज दिसतं. फिरत्या मडक्याला कुंचला नुसता टेकवला की पट्टा आपोआप उठतो, गोल, सरळ. फिरताना चित्र राहत नाही, पट्टाच होतो."

आणि इथेच या गोष्टीचं सगळं विज्ञान आहे. आपला डोळा सलग फिरणारं चित्र सुटं सुटं पकडू शकत नाही, सगळं एकमेकांत मिसळतं. चित्र हललेलं दिसायचं असेल तर दोन चित्रांच्या मध्ये क्षणभर अंधार हवा. एक चित्र दाखव, झाक, दुसरं दाखव, झाक. मग मेंदू मधली जागा भरून काढतो आणि आपल्याला हालचाल दिसते.

ही झाकण्याची युक्ती कधी सापडली? १८३२ च्या शेवटाला. बेल्जियममधले जोसेफ प्लाटो आणि व्हिएन्नातले सायमन श्टाम्फर या दोघांनी, साधारण एकाच वेळी आणि एकमेकांपासून स्वतंत्रपणे, चिरा पाडलेली गोल तबकडी बनवली. तबकडीवर चित्रं, कडेला चिरा. आरशासमोर फिरवायची आणि चिरेतून बघायचं. चीर समोर आली की चित्र दिसतं, चीर सरकली की झाकलं जातं. १८३४ मध्ये विल्यम हॉर्नर या इंग्रज गणितज्ञानं तीच कल्पना गोल डब्यात आणली. आत चित्रांची पट्टी, वर चिरा. पुढे हे खेळणं झोएट्रोप नावानं खपलं. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये एमिल रेनो यांनी चिरांच्या जागी मधोमध आरसे बसवले, चित्र जास्त उजळ दिसू लागलं.

म्हणजे बघा, पेल्यावर बोकड आहेत पण चिरा नाहीत. नुसता फिरवून तो पेला चालणार नाही.

पण काकांकडचा प्रयोग इथे संपला नाही. माझ्या हातात फोन होता. फोनचा कॅमेरा व्हिडिओ घेतो म्हणजे काय करतो? सेकंदाला ३० फोटो काढतो. प्रत्येक फोटो क्षणभराचा, मध्ये जरा खंड. म्हणजे चीर आहेच की! ती तुमच्या-माझ्या खिशात आहे.

हिशेब सोपा आहे. एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंत कुल्हडानं बरोबर एका चित्राइतकं पुढे सरकायला हवं. पाच चित्रं असतील तर सेकंदाला ३० भागिले ५, म्हणजे ६ फेऱ्या हव्यात. हे फारच वेगात होतं, कुल्हड उडून जाईल. म्हणून मी दुसऱ्या कुल्हडावर १२ चित्रं काढली. ३० भागिले १२, म्हणजे सेकंदाला अडीच फेऱ्या, मिनिटाला १५०. हे काकांच्या चाकाला सहज जमतं. भर दुपारी, उन्हात चाक ठेवलं, कारण उजेड भरपूर असला की कॅमेरा प्रत्येक फोटो कमी वेळात घेतो आणि चित्र फिसकटत नाही. काकांनी पेडल जरा कमी-जास्त करत वेग जुळवला.

आणि स्क्रीनवर माझा कुत्र्यासारखा बोकड उडी मारायला लागला! डोळ्यांनी चाकाकडे बघितलं की धूसर पट्टा. फोनकडे बघितलं की उडी. पट्टा, उडी. पट्टा, उडी. काकांनी दोन-तीनदा मान इकडे-तिकडे केली आणि म्हणाले, "म्हणजे बोकड माझ्या चाकावर नाही उडत. तुझ्या फोनात उडतोय."

मंडळी, माझ्या चुकीचं इतकं नेमकं वर्णन मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं.

परदेशात काही कलाकार ही युक्ती मुद्दाम वापरतात. जिम ल फेव्र हे ब्रिटिश अ‍ॅनिमेटर फिरत्या तबकडीवर चित्रं रचून कॅमेऱ्यानं ती जिवंत करतात. मातीच्या भांड्यांवरही त्यांनी हे काम केलं आहे. घरी जुना रेकॉर्ड प्लेअर असेल तर तुम्हीही करा. तो मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेतो. कॅमेरा सेकंदाला २५ फोटोंवर ठेवला तर एका फेरीत बरोब्बर ४५ चित्रं बसतात. करून पाहिलंत तर मला पाठवा.

गोलाला सुरुवात कुठे असते?

आता दुसरा प्रश्न. पेल्यावरची चित्रं व्हिडिओत आणतात कशी? आधी पेला सगळ्या बाजूंनी टिपावा लागतो. मग त्याची गोल बाजू सपाट उलगडायची, एखाद्या डब्यावरचं लेबल सोलून काढावं तशी. जस्टिन केर नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं माया लोकांच्या चित्रित भांड्यांसाठी यावर एक खास कॅमेराच जुळवला होता. भांडं फिरतं, कॅमेरा त्याचा समोरचा भाग टिपत जातो आणि शेवटी सगळं चित्र एका लांब पट्टीवर येतं. पेला वर रुंद आणि खाली निमुळता असेल तर पट्टी सरळ येत नाही, पंख्यासारखी वळते. ती सरळ करावी लागते. रंग उडालेला असतो, तिथे भर घालावी लागते. मग प्रत्येक आकृती पार्श्वभूमीपासून सोडवायची, एकावर एक नेमकी ठेवायची.

इथपर्यंत ही मेहनत झाली. यानंतर सुरू होतात निर्णय.

पहिला निर्णय, सुरुवात कुठून? पट्टीला डावं टोक असतं, पेल्याला टोकच नसतं. पाचातला पहिला बोकड कुठला, हे पेला सांगत नाही, अ‍ॅनिमेटर ठरवतो. दुसरा, दिशा कुठली? तिसरा, वेग किती? पाच चित्रं सेकंदाला १२ च्या वेगानं दाखवली तर अख्खी गोष्ट अर्ध्या सेकंदाच्या आत आटोपते. म्हणून रीलमध्ये ती हळू केलेली असते, पुन्हा पुन्हा फिरवलेली असते. आपल्याला जी उडी दिसते तिची चाल, तिचा ताल, तिची सुरुवात आजच्या माणसाची आहे. कुंभाराचे आहेत ते पाच क्षण.

यात गैर काहीच नाही. गैर तेव्हा होतं, जेव्हा हे निर्णय कुणी घेतले ते आपण लपवतो.

चित्र आधी, गोष्ट नंतर

याचं एक मजेशीर उदाहरण इंग्लंडमधलं आहे. निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या बशा तुम्ही पाहिल्या असतील. त्यावर एक झुकलेलं झाड, पूल, पुलावर तीन माणसं, होडी, चिनी धाटणीचं घर आणि वर आकाशात दोन पक्षी. याला विलो पॅटर्न म्हणतात. ही नक्षी इंग्लंडमध्ये १७९० च्या सुमारास तयार झाली. चीनमधून येणाऱ्या महाग भांड्यांची ती स्वस्त नक्कल होती. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्यात रंग भरून पातळ कागदावर छाप घ्यायचा, कागद बशीवर दाबायचा, मग वर झिलई देऊन भाजायचं. त्यामुळे एकच चित्र हजारो बशांवर उठलं.

आता गंमत बघा. १८४९ मध्ये एका इंग्रजी मासिकात या बशीची "गोष्ट" छापून आली. श्रीमंत चिनी अधिकाऱ्याची मुलगी, बापाच्या हाताखालचा गरीब कारकून, प्रेम, पळून जाणं, पुलावरून पाठलाग आणि शेवटी दोघांचे पक्षी होणं. लोकांना वाटलं, ही चीनची जुनी दंतकथा आहे. प्रत्यक्षात नक्षी आधी बनली होती आणि गोष्ट तिच्यावर साठेक वर्षांनी, इंग्लंडमध्येच, बेतली गेली. आज कुणीही त्या बशीला हलवायला घेतलं की हात आपोआप त्याच गोष्टीकडे जातो. पुलावरची तिघं पळू लागतात, पक्षी उडतात. बशीनं मात्र एवढंच सांगितलेलं असतं की पुलावर तीन माणसं आहेत.

आपल्याकडचंही उदाहरण घ्या. गुजरातमधल्या लोथलला, हडप्पा काळातल्या एका मोठ्या भांड्यावर चित्र आहे. झाडावर पक्षी, त्यांच्या चोचीत मासे, आणि खाली कोल्ह्यासारखा प्राणी. उत्खनन करणाऱ्या एस. आर. राव यांना त्यात पंचतंत्रातल्या धूर्त कोल्ह्याच्या गोष्टीची आठवण झाली. आपल्यालाही होतेच. पण पंचतंत्र त्या भांड्यानंतर हजारो वर्षांनी रचलं गेलं. "आठवण होते" आणि "तीच गोष्ट आहे" यांच्यात एवढ्या वर्षांचं अंतर आहे. उद्या कुणी त्या कोल्ह्याला बोलका केला, तर मुलांना मजा येईल. मलाही येईल. फक्त खाली एक ओळ हवी, की हे बोलणं आमचं आहे.

भांड्याचं ऐकून हलवणं

मग हे काम नीट कसं करायचं? करणारे लोक आहेत. इंग्लंडमध्ये रेडिंग विद्यापीठात ग्रीक पुरातत्त्वाचं उर संग्रहालय आहे. तिथल्या ग्रीक भांड्यांवर अ‍ॅनिमेटर स्टीव्ह सायमन्स आणि प्राचीन इतिहासाच्या अभ्यासक सोन्या नेविन यांनी मिळून काम केलं आहे. त्यांच्या प्रकल्पाचं नाव पॅनोप्ली. शाळकरी मुलं भांडी बघतात, त्यावरच्या आकृतींचं पुढे काय होईल याचे चित्र-आराखडे करतात आणि त्यातून छोट्या फिल्म तयार होतात. आकृती मूळ भांड्यावरचीच असते, नवी काढलेली कार्टूनं नसतात. फिल्मसोबत भांडं कुठलं, किती जुनं, त्यावर काय आहे हेही सांगितलेलं असतं.

ग्रीक भांडी हलवायला सोयीची का, तेही बघा. जुन्या शैलीत आकृती पूर्ण काळी असते, बाजूनं दिसणारी, सावलीसारखी. आतले तपशील टोकदार हत्यारानं कोरलेले. असा माणूस खांद्यात, कोपरात, गुडघ्यात "कापून" हलवता येतो. आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या डोळ्यांसमोर आणा. पडद्यामागे दिवा, पुढे सावली आणि सुटा हलणारा हात. १९२६ साली लोटे रायनिगर या जर्मन दिग्दर्शिकेनं कात्रीनं कापलेल्या काळ्या आकृतींवर अख्खा लांबीचा चित्रपट केला, तो याच तत्त्वावर.

आणि भांडं काही वेळा स्वतःच अटी घालतं. व्हॅटिकनच्या संग्रहालयात एक्झेकियास या कारागिराचं एक भांडं आहे, इसवीसनपूर्व ५४० ते ५३० च्या आसपासचं. त्यावर अकिलीस आणि एजॅक्स हे दोन योद्धे युद्धातून उसंत काढून पटावर खेळत बसलेत. भाले हातात तसेच आहेत. दोघांच्या तोंडाजवळ अक्षरं लिहिली आहेत. अकिलीस म्हणतोय "चार", एजॅक्स म्हणतोय "तीन". अडीच हजार वर्षांपूर्वीच्या चित्रातला आवाज आहे हा! पॉडकास्टवाल्याला याहून काय हवं?

आता समजा मी हे चित्र हलवायला घेतलं. फासे पडताना दाखवीन, भाले जरा हलवीन, एखादा सुस्कारा टाकीन. पण एजॅक्सला जिंकवणार नाही. कारण कारागिरानं लिहून ठेवलंय, चार आणि तीन. पुढे युद्धात अकिलीस मरणार आहे आणि त्याचं शव एजॅक्सच खांद्यावर वाहून आणणार आहे, हे ग्रीक प्रेक्षकाला माहीत होतं. आज जिंकणारा उद्या उरणार नाही, ही त्या चित्रातली हुरहुर. आकडे बदलले की तीही गेली. चांगलं अ‍ॅनिमेशन असं भांड्याचं ऐकून चालतं. ते बघून झालं की तुम्हाला पुन्हा मूळ भांड्याकडे जावंसं वाटतं.

मग बाईंना काय सांगायचं?

आता त्या मेलचं उत्तर.

ताई, बाईंना असं सांग. शहर-ए-सुख्तेच्या पेल्यावर पाच चित्रं आहेत आणि त्यांत एकाच हालचालीचे पाच क्षण टिपलेले दिसतात. हे पेल्यावरच आहे, कुणीही मोजून बघावं. ठरलेला एकच बोकड पाच वेळा काढणं सोपं होतं, तरी कारागिरानं प्रत्येक वेळी अंगाची ठेवण बदलली, म्हणून त्याच्या मनात क्रम होता असं म्हणायला आधार आहे. पण त्या काळी कुणी तो पेला फिरवून बोकड हलताना पाहिला, याचा पुरावा नाही. आणि नुसता फिरवून तो हललेला दिसतच नाही. हे दादानं कुंभारवाड्यात करून बघितलंय.

म्हणून "पहिलं अ‍ॅनिमेशन" हे वाक्य मी मागे घेतो. अ‍ॅनिमेशनचे दोन भाग असतात. वाहती हालचाल क्षणांमध्ये तोडणं हा पहिला. ते क्षण पुन्हा जोडून डोळ्यांना वाहतं दाखवणं हा दुसरा. पहिला भाग त्या कुंभाराला जमला होता. दुसरा जमायला १८३२ साल उजाडलं.

आणि पहिला भाग जमलेला तो एकटाही नव्हे. इजिप्तमध्ये बेनी हसन इथे, साधारण चार हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्याच्या भिंतीवर कुस्तीच्या दोनशेहून अधिक जोड्या रंगवल्या आहेत. पकड, उचल, पाडाव, ओळीनं डावावर डाव. कोल्हापूरच्या तालमीतला पोरगा ते बघून डावांची नावं सांगू लागेल. तिथेही भिंत हलत नाही. डाव माहीत असलेल्या माणसाच्या मनात ती हलते.

मला वाटतं पेल्याचंही तसंच आहे. पुन्हा कुंभारवाड्यात जातो. निघताना काकांनी तो पहिला, पाच बोकडांचा कुल्हड माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चाकावर नको. हातात धर आणि पीत असल्यासारखा सावकाश फिरव." मी फिरवला. एक बोकड समोर आला, कडेला गेला. मग दुसरा. थांबलो. मग तिसरा, हवेत. उडी दिसली नाही. पण उडी कळली. पाच हजार वर्षांपूर्वी तो पेला हातात घेणाऱ्याला बहुधा एवढंच मिळत असेल. आणि ते काही कमी नाही.

जाता जाता एक घरची आठवण. १९१२ च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळके यांना सिनेमासाठी भांडवल हवं होतं. लोकांना पटवायला त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोखला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर रोप भराभर वर चढताना दिसलं, आणि ते पाहून पैसे देणारा माणूस मिळाला. रोप खरं होतं, त्याचा वेग फाळक्यांचा होता. आणि तो वेग आपला आहे, हे त्यांनी लपवलं नव्हतं. उलट, तीच तर त्यांची कला होती.

मीही यापुढे तेवढं पाळीन. जुनं काही हलवून दाखवलं, तर जुनं किती आणि माझं किती ते सोबत सांगीन. ती जुनी रील काढून टाकलेली नाही, तिच्याखाली आता दुरुस्ती लिहिली आहे. आणि साताऱ्याच्या त्या बाईंना माझा नमस्कार. "कशावरून?" हा प्रश्न वर्गात विचारणारी माणसं आहेत तोवर आपलं बरं चाललंय.

तुमच्या घरात चित्रं असलेलं एखादं जुनं भांडं असेल, आजीची बरणी, फुटकी बशी, काहीही, तर त्याचा फोटो पाठवा. त्यावर खरोखर काय काय दिसतं, एवढंच लिहा. गोष्ट नंतर रचू.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.